तात्यांचे पोवाडे घरातच रेकॉर्ड करायचेत, खोली 10 बाय 10, वर पत्रा. काय काय घेऊ?

हलगीवाला_नातू
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा, सगळी गल्ली तात्याच म्हणते त्यांना, शाहीर आहेत. वय झालंय पण आवाज अजून असा की खालच्या चौकात ऐकू जातोय. त्यांच्याकडं कितीतरी पोवाडे तोंडपाठ आहेत, वहीत निम्मेसुद्धा नाहीत, आणि आजपर्यंत जे काय रेकॉर्डिंग आहे ते म्हणजे गणपतीत कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ज्यात तात्या कमी आणि शेजारच्या मंडळाची डॉल्बी जास्त. म्हणून ठरवलंय की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरात माडीवर एक खोली रिकामी आहे तिथंच छोटा स्टुडिओ करायचा. खोली 10 बाय 10, जमीन लाकडी तक्तपोशीची, वर पत्रा, एक खिडकी रस्त्याकडं. बजेट 45 हजार, त्यात सगळं बसवायचंय. लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅमचा. दुकानदार म्हणतोय कंडेन्सर माइक, फोम, आर्म असा सगळा सेट घेऊन जा, पॉडकास्टवाले हाच नेतात. पुढं मला भजनी मंडळ, बहिणीचं गाणं, असंही करायचंय. सांगा की काय करू.

बिंदूचौक_बोलतोय
नाद खुळा भावा. तात्यांना दंडवत. मला त्यातलं काय कळत नाही पण धागा फॉलो करतोय.

वायर_अन_सोल्डर
चांगलं काम काढलंयस. आता जरा थंड डोक्यानं वाच, मोठं लिहितोय.

पहिली गोष्ट, तो सेट घेऊ नको. माइक वाईट असेल म्हणून नव्हे, तुझ्या खोलीला आणि तुझ्या माणसांना तो लागू नाही म्हणून. पॉडकास्टवाला एकटा बसतो, हळू बोलतो. पोवाड्यात शाहीर उभा, हातात डफ, मागं झीलकरी (शाहिराच्या ओळीला मागनं सूर धरणारे), बाजूला ढोलकी, तुणतुणं, झांज. सोर्स मोठा, खोली लहान आणि उघडी. असल्या ठिकाणी कंडेन्सर लावलास तर तात्यांबरोबर पत्रा, रस्त्यावरची रिक्षा, खालच्या मजल्यावरचा कुकर सगळं येणार. डायनॅमिक माइकच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं आणि लांबचं त्यात कमी येतं, म्हणून तुझी सुरुवात डायनॅमिकनं. शुअरचा एसएम58 किंवा एसएम57. 57 आला 1965 ला, 58 त्याच्या पुढच्या वर्षी, अजून कुणी हटवू शकलं नाही. 58 गाण्याला, 57 ढोलकी तबल्याला, आणि अडलं तर एकमेकांची कामं करतात.

दुसरी गोष्ट इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा. सगळे तुला फोकसराइट स्कारलेट सोलो सुचवतील, वस्तू चांगली आहे, पण सोलोला माइकचा प्रीॲम्प (माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) एकच. त्याच कंपनीच्या 2आय2 ला दोन. तुला आजच ढोलकी, शाहीर आणि झीलकरी वेगळे पाहिजेत म्हणजे तीन झाले. बेहरिंगरच्या यूएमसी404एचडी ला चार प्रीॲम्प आहेत आणि तो तुझ्या बजेटात बसण्यासारखा आहे. नाव लहान असलं तरी 24 बिटला व्यवस्थित चालतो. दोन इनपुटचा घेऊन पुन्हा चारचा घेण्यात पैसे घालवू नको.

तिसरी, आणि याच्यावरच जास्त खर्च कर, खोली.

शाहूपुरी_4थी_गल्ली
खोलीसाठी अंड्याचे ट्रे लावा, फुकटात काम. आमच्या कॉलेजच्या बँडनं लावले होते.

वायर_अन_सोल्डर
ट्रे नको दादा. पातळ पुठ्ठा आहे तो, फार तर वरचे सूर थोडे इकडं तिकडं करतो, खालच्या आवाजाला त्याचा पत्ताच लागत नाही. वर उंदीर आणि आगीची भीती वेगळी. बाजारात मिळणारा इंचभर फोमही तसलाच, त्यानं वरचा आवाज मरतो आणि खालचा तसाच घुमत राहतो, मग खोली आणखीच विचित्र वाटतीय.

10 बाय 10 चं दुखणं असं आहे की दोन्ही बाजू सारख्या. 10 फूट म्हणजे तीन मीटर आणि थोडं, आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला घुमारा बसतो साधारण 56 हर्ट्झला, त्याच्या पटीतही बसतो, आणि दोन्ही दिशांना तोच बसल्यामुळं एकावर एक चढतो. ढोलकीची धूम आणि तबल्याचा डग्गा नेमका तिथंच राहतोय. टाकीत बसून वाजवल्यासारखं येतं ते त्यामुळं. म्हणून जाड माल पाहिजे. ग्लासवूल किंवा रॉकवूलचे दोन इंची स्लॅब, लाकडी फ्रेममध्ये, वर सुती कापड, आणि भिंतीपासून दोन इंच सोडून टांगायचे, तो रिकामा गॅपही काम करतो. कोपऱ्यात दुप्पट जाड. उद्यमनगरात इन्सुलेशनचं सामान मिळतंय का विचार, फौंड्रीवाल्यांच्या ओळखीनं मिळून जाईल. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. हे हसण्यावारी नेऊ नको, अंगाला भयंकर खाज येते.

सुरपेटी_ताई
मी क्लास घेते, थोडं वेगळं सांगते हं. पॅनेल होईपर्यंत थांबू नका. घरात वाकळा, गोधड्या असतीलच की, जुन्या, जाड. दोरीवर दुहेरी टाका. आणि त्या कुठं टांगायच्या तर गाणाऱ्याच्या पाठीमागं. माइकच्या मागं नाही. सगळे माइकच्या मागं ते अर्धगोल ढाल लावतात पण माइक बघतोय गाणाऱ्याकडं, आणि गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून आलेला आवाज सरळ माइकच्या तोंडात जातो. आमच्याकडं हे केलं आणि फरक कुणालाही ऐकू आला, पोरींनासुद्धा. खाली सतरंजी, शक्य असेल तर घोंगडं.

वायर_अन_सोल्डर
ताई बरोबर. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणाऱ्या, माइकसाठी तर शंभर टक्के. फक्त वाकळीनं बास जात नाही, तेवढं लक्षात ठेवा.

हलगीवाला_नातू
वाकळा आईकडं ढीगभर आहेत, एक मागितली तर चार देईल. आता खरी अडचण ऐका. मी तात्यांना म्हटलं तुम्ही आधी एकटे गा, मग ढोलकी, मग झीलकरी वेगवेगळं घेऊ, हेडफोन लावून. तात्या म्हणाले, "झील मागनं आली न्हाई तर मी पुढचं काय बोलू? भित्तीला?" आणि गायलेच नाहीत. बहुतेक लोक ट्रॅकवर ट्रॅक करतात ना? तात्यांना कसं पटवू?

सुरपेटी_ताई
पटवूच नका.

वायर_अन_सोल्डर
मी म्हणेन जरा प्रयत्न कर. वेगळं वेगळं घेतलं की चूक दुरुस्त करता येते, ढोलकी जोरात झाली तर कमी करता येते. एकत्र घेतलंस तर सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माइकात, मिक्स करताना हात बांधलेले.

सुरपेटी_ताई
अहो पण पोवाडा म्हणजे शाहीर आणि झीलकरी यांचा संवादच आहे ना! शाहीर श्वास घेतो तो झीलच्या भरवशावर, चौक, म्हणजे पोवाड्याचं कडवं, कुठं वाढवायचा कुठं तोडायचा हे समोरच्याच्या तोंडाकडं बघून ठरतं. कानात ठेक्याची टिकटिक (क्लिक) लावून, डोळे मिटून, हेडफोनात गायचं हे त्या पिढीला जमणार नाही, आणि जमलं तरी त्यात तात्या नसतील, नुसते शब्द असतील. ख्यालाचंही तेच, तबलजीला वेगळ्या दिवशी बोलावून ठेका भरून घेतलेली रेकॉर्डिंगं मी ऐकलीत, सम येते पण भेट होत नाही. हे गाव कुणाचं आहे ते बघा. जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, एवढं मोठं घराणं इथं उभं राहिलं आणि खुद्द खाँसाहेबांचा आवाज आपल्याला ऐकायला नाही. शिष्यांच्या तबकड्यांतून अंदाज बांधायचा, आणि त्या तबकडीतही एका बाजूला जेमतेम तीन साडेतीन मिनिटं. तुमच्याकडं तात्या समोर आहेत आणि वेळेची मर्यादा नाही. गाऊ द्या त्यांना त्यांच्या पद्धतीनं.

बिंदूचौक_बोलतोय
ताईंनी जाळ काढला 🔥

मिरजेची_तार
मिरजेहून हजेरी. आमच्याकडं तंतुवाद्यांचं काम, सतार तंबोरे, 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते तुम्ही वाचलं असेल. गिऱ्हाइकाला आवाज पाठवायचा म्हणून मी पण छोटा सेटअप केलाय. मी ताईंच्या बाजूनं पण एक सुचवतो, स्टुडिओ करण्यापेक्षा रेकॉर्डर घे. झूमचा एच5 किंवा तसला, वर दोन माइक एक्सवाय मध्ये (एकमेकांना तिरके) असतातच, खाली एक्सएलआर वायरीचे आणखी दोन माइक पण लावता येतात, आणि लॅपटॉपला जोडून इंटरफेससारखा पण चालतो. मग तात्यांना 10 बाय 10 मध्ये कशाला कोंबायचं, एखाद्या जुन्या वाड्याची लाकडी माडी, तालमीची खोली, गावाकडचं देऊळ, जिथं आवाज छान लागतोय तिथं जा. अर्धगोलात बसवायचं, रेकॉर्डर सहा सात फुटावर, उंच स्टँडला, आणि माणसं पुढं मागं सरकवून बॅलन्स करायचा. ढोलकी जोरात वाटली तर तिला मागं सरकव. आधी असंच तर करत होते, सगळे एका भोंग्याभोवती, 1925 च्या सुमारास इलेक्ट्रिक माइक यायच्या आधी तर दुसरा मार्गच नव्हता.

वायर_अन_सोल्डर
देवळात घुमारा एवढा की पोवाड्याचे शब्दच कळत नाहीत. पोवाड्यात शब्द गेला तर राहिलं काय. वाड्याची माडी चालेल.

पण ठीक आहे, ताईंचं मला पटलं. एकत्रच घे. मग निदान मांडणी तरी अशी कर की हात पूर्ण बांधले जाणार नाहीत. कार्डिऑइड माइक पाठीमागनं सगळ्यात बहिरा असतो. म्हणून तात्या आणि ढोलकीवाला समोरासमोर. तात्यांच्या माइकची पाठ ढोलकीकडं, ढोलकीच्या माइकची पाठ तात्यांकडं. त्यांना एकमेकांचं तोंड दिसतं आणि आपलं लीकेज (एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात जाणं) कमी होतं, दोन्ही कामं एका मांडणीत. झीलकरी दोघं एकाच माइकवर, बाजूला, त्यांचं तोंडही आतल्या बाजूला. तुणतुण्याला चौथा. आणि दोन माइकांमधलं अंतर, माइक ते तोंड जेवढं त्याच्या निदान तिप्पट ठेव, नाहीतर एकच आवाज दोन माइकांत थोडा पुढं मागं जाऊन पोकळ होतो.

तात्या डफ स्वतः वाजवतात का?

हलगीवाला_नातू
व्हय, डफ हातातच असतो, खांद्याच्या उंचीला. थाप मारली की माझ्या मोबाइलचा माइक फाटतो.

वायर_अन_सोल्डर
मग कॉलर माइकचा विचार सोड. स्टँडवरचा माइक कपाळाच्या उंचीवर घे आणि वरून खाली तोंडाकडं कलता धर, डफ माइकच्या अक्षाच्या बाहेर राहतो. अंतर आठ दहा इंच. त्याहून जवळ गेलं की खालचे सूर उगाच फुगतात, आणि तात्यांना एवढा आवाज असताना जवळ जायची गरजच नाही. गेन (इंटरफेसवरची माइकची पातळी) लावताना सगळ्यात जोराची ओळ म्हणायला सांग, थापेसकट, आणि मीटरवरचा सगळ्यात मोठा आवाज वजा 12 डीबीच्या आसपास ठेव. 24 बिटमध्ये आवाज हळू घेतला म्हणून बिघडत नाही, फाटला तर मात्र काही करता येत नाही. लोक साउंडचेकला हळू गातात आणि टेकला रंगात येतात हे पण धरून चाल.

शाहूपुरी_4थी_गल्ली
माइक ऑनलाइन स्वस्तात दिसतोय की 58, अर्ध्या किमतीत.

वायर_अन_सोल्डर
नकली. या माइकची नक्कल भरपूर येते. खऱ्या 58 चं वजन 298 ग्रॅम, किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून बघ. काही नकली वजनालाही बरोबर भरतात म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. सेकंडहँड घेतलास तर स्वतः जाऊन, खऱ्याशेजारी धरून, ऐकून.

सुरपेटी_ताई
बहिणीच्या गाण्यासाठी पुढं काय घ्यायचं तेही सांगा त्यांना. पेटी तबल्याचं.

वायर_अन_सोल्डर
खोली तयार झाल्यावर एक कंडेन्सर. ऑडिओ टेक्निकाचा एटी2020 स्वस्त, रोडचा एनटी1 महाग, फरक कुठं कळतो तर शांत जागेत. 2020 चा स्वतःचा सूं आवाज 20 डीबी, एनटी1 चा 4. ख्यालातला मंद्र, तंबोऱ्याची आस घ्यायची तर हा फरक ऐकू येतो, पोवाड्यात अजिबात नाही. कंडेन्सरला 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरीतनंच जाणारी वीज) लागते, ती इंटरफेसमध्येच असते. ती सुरू करायच्या आधी माइक जोडून घ्यायचा आणि आवाज खाली ठेवायचा, नाहीतर हेडफोनमध्ये धाडकन येतं.

पेटीला भात्याच्या बाजूनं माइक लावू नका, भात्याची फुसफुस येते. वाजवणाऱ्याच्या बाजूनं वर, दीड दोन फुटांवर. तबल्याला दोन 57, दायाँला एक, डग्ग्याला एक, वितभर वर आणि थोडे तिरके, हात लागणार नाही असे.

मिरजेची_तार
तंबोऱ्याला जवळ माइक नको. घोडीपासून फूट दीड फूट लांब, भोपळ्याच्या अगदी समोर नको, गुबगुब येतं. आणि ॲपचा तंबोरा लावणार असाल तर हेडफोनमध्ये लावा, मोबाइलच्या स्पीकरवर नाही. तो एकदा गळ्याच्या माइकात गेला की निघत नाही.

हलगीवाला_नातू
अपडेट देतो. वाकळा टांगल्या, सतरंजी टाकली, 404 आणि दोन 58 दोन 57 आणले, स्टँड भाड्यानं. बजेटचा जवळपास निकाल लागला, पॅनेल पुढच्या महिन्यात. रेकॉर्डिंगचं रीपर सॉफ्टवेअर टाकलं, 60 दिवस फुकट वापरायला देतात म्हणे. तात्यांच्या माइकला मागनं एक सारखी गुणगुण येतीय, लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते. दुसरं, ढोलकीवाले काका पायानं ठेका धरतात आणि तक्तपोशीतनं तो सगळ्या माइकांत धप धप. तिसरं म्हणजे पत्रा. दुपारी उन्हानं तडतडतोय आणि संध्याकाळी गार होताना परत तडतडतोय.

वायर_अन_सोल्डर
गुणगुण 50 हर्ट्झची, अर्थिंगची भानगड. लॅपटॉप, इंटरफेस सगळं एकाच बोर्डावर घे, आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घे, जुन्या घरात बऱ्याचदा नावालाच असतं. कुणी म्हणेल प्लगची अर्थ पिन तोड, अजिबात तोडू नको, माणूस माइकला ओठ लावून उभा असतो. तोपर्यंत बॅटरीवर घे, तासभर निघेल. इन्व्हर्टरवर घेऊ नको, बऱ्याच इन्व्हर्टरची वीज घाण असते. फॅनचा रेग्युलेटरही बघ, इलेक्ट्रॉनिक असेल तर कधीकधी तोच चरचरतो.

पायाला काकांच्या खाली दुहेरी गादी आणि प्रत्येक स्टँडखाली घडी केलेलं घोंगडं किंवा रबरी मॅट. काकांना पाय थांबवायला सांगू नको, ठेका हलेल.

पत्र्याला स्वस्तात इलाज नाही. वाकळा, वूल हे खोलीतल्या आवाजाला. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जड भिंत, जड छत, फटी बंद. खिडकीला आतनं दुसरी काच आणि दाराच्या फटीला रबर एवढं कर. पत्र्याखाली जड सीलिंग करायचं तर वेगळंच बजेट, आणि माडीचं लाकूड ते पेलतंय का ते आधी मिस्त्रीला विचारायला लागेल. तू वेळ बदल. रात्री दहानंतर, पत्रा निवल्यावर.

बिंदूचौक_बोलतोय
आणि पावसात?

मिरजेची_तार
पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंग नाही, विषय संपला. जून ते सप्टेंबर वाड्याच्या माडीवर, कौलाखाली, ते पण झड नसेल तेव्हा. शिवाय चामडं उतरतंय. ढोलकीची शाई ओढत नाही, हलगी तर दर पाच मिनिटांनी शेकायला लागते. तुणतुण्याची तार पण सोडते. प्रत्येक चौकाच्या आधी सूर तपासा, नाहीतर पहिला चौक पांढरी चारला (पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला) आणि शेवटचा त्याच्या खाली. कंडेन्सर घेतलात तर सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात, इथल्या पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

हलगीवाला_नातू
काल रात्री घेतलं. समोरासमोर मांडणी केली, हेडफोन फक्त मी घातला, बाकी सगळे मोकळे. तात्यांनी पहिला चौक माइककडं बघत बघत गायला, दुसऱ्यापासून ढोलकीकडं बघायला लागले आणि मग सुटलेच. मध्ये खोकले, मध्ये काकांना "वड की जरा" म्हणाले, ते पण आलंय. ते काढू का ठेवू? आणि फॅन बंद होता म्हणून सगळे घामाघूम, काका म्हणतात पुढच्या वेळी फॅन लावल्याशिवाय येत नाही. फायली कशा ठेवायच्या तेही सांगा.

सुरपेटी_ताई
"वड की जरा" ठेवा! ऐकवायच्या कॉपीत पाहिजे तर काढा, मूळ फायलीला हात लावू नका. आणि पुढच्या वेळी सुरुवातीला तात्यांनाच बोलायला सांगा, पोवाडा कुणाचा, त्यांना कुणाकडून मिळाला, साथीला कोण, तारीख. गाण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे, दहा वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही.

वायर_अन_सोल्डर
वेव्हच ठेव, एमपी3 फक्त व्हॉट्सॲपसाठी. 48 किलोहर्ट्झ 24 बिटला एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर, चार ट्रॅकचा तास म्हणजे दोन जीबी आणि थोडं. फार नाही. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक घरात आणि एक दुसऱ्या घरात. नुसत्या लॅपटॉपवर ठेवून झोपू नको. मिक्स करताना तात्यांच्या आणि झीलच्या ट्रॅकवर 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाक, ढोलकीचं कापू नको. आवाज साफ करायचं बटण जपून दाब, जास्त झालं की गळा पाण्यातनं आल्यासारखा होतो.

फॅन दोन पोवाड्यांच्या मध्ये पाच मिनिटं लाव आणि टेकच्या आधी पूर्ण थांबू दे, पाती फिरताना आवाज कापला जातो. ताक ठेव काकांना.

हलगीवाला_नातू
ताक नको म्हणतात, गळा बसतोय. गूळ घातलेला कोरा चहा मागवलाय. शनिवारी रात्री दुसरी बैठक, ग्लासवूलचा भाव काढून इथंच टाकतो.